साधी गाठ

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कुणीच पहिल्या ओळीपासून वाचत नाही. नजर थेट शेवटच्या परिच्छेदावर जाते, तिथल्या एका शब्दावर. माझ्या रिपोर्टात तो शब्द 'बिनाइन' होता. मी शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे शब्द हाती आला की तो उलटापालटा करून बघायची खोड आहे. नवरा पार्किंगमधून स्कूटर काढून आणेपर्यंत मी फोनवर त्याची व्युत्पत्ती शोधून ठेवली होती. मूळ लॅटिन. अर्थ मायाळू, भल्या स्वभावाचा. मराठीतली डॉक्टरी पुस्तकं त्याला 'सौम्य' म्हणतात आणि त्याच्या उलट 'दुर्दम', म्हणजे ज्याला आवरणं कठीण. पण ही झाली पुस्तकी जोडी. आमच्या बडोद्यात दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायका 'सादी गांठ' म्हणतात, आणि दांडिया बाजारातल्या माझ्या माहेरी तिची 'साधी गाठ' होते. 'द'चा 'ध' झाला, दिलासा तोच.

माझी गाठ उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, काखेच्या जवळ होती. चार महिन्यांत लिंबाएवढीची चिकूएवढी झाली. (गाठींना फळांचीच मापं का लावतात कोण जाणे, डॉक्टरसुद्धा सेंटिमीटर सांगून झाले की शेवटी फळावर येतात.) सुई घालून तुकडा तपासला, पण त्यावरून नक्की सांगता येईना. शेवटी पूर्ण काढल्यावर कळलं की ती फायलोडीस जातीची होती. हे नाव ग्रीक 'पान' या शब्दावरून आलंय. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली ते दिलं, कारण ही गाठ कापली की आत पानांसारख्या घड्या दिसतात. बहुतेक वेळा ती सौम्य असते, पण त्याच जागी पुन्हा उगवायची तिला सवय असते, म्हणून भोवतालचं थोडं निरोगी मांसही काढून टाकतात. माझ्या बाबतीत चारी बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर. आणि मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. म्हणजे साधी, पण नजरेआड करण्याइतकी साधी नव्हे.

त्या संध्याकाळी घरात सण होता. आईने दुसऱ्याच दिवशी सत्यनारायण घातला. सासूबाईंनी नातेवाइकांना फोन लावले आणि प्रत्येक फोनवर एकच वाक्य ऐकू येत होतं, "सुटली बाई पोर." मीही सुटले होते. चौदा रात्री मी मुलीच्या दहावीचा, तिच्या बारावीचा, तिच्या लग्नाचा हिशेब माझ्याशिवाय करून पाहिला होता. त्या हिशेबाची वही एका शब्दाने बंद केली होती. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते त्या सुटकेच्या विरुद्ध नाही, हे आधी सांगून टाकते. हे मला दीड वर्ष प्रत्येकाला आधी सांगून टाकावं लागलंय.

शस्त्रक्रिया मेच्या सुट्टीत झाली. आठव्या दिवशी जखमेच्या जागी पाणी साठलं. ते सिरिंजने दोनदा काढलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी केस विंचरायला हात वर केला तर छातीपासून खाली बरगडीपर्यंत कातडीखाली एक दोरी ताणली गेली. अक्षरशः दोरी, सुतळीएवढी, आरशात दिसणारी, बोटाला लागणारी. मी घाबरून गार पडले. ते माँदोरचं दुखणं निघालं. कातडीलगतच्या शिरेत रक्त गोठून ती ताठ होते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप विरते. आँरी माँदोर या फ्रेंच शल्यविशारदाने १९३९ साली त्याचं नीट वर्णन केलं. हाच माँदोर कवी मालार्मेचा चरित्रकार होता आणि १९४६ साली तो फ्रेंच अकादमीवर निवडून गेला, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. माझ्या छातीतल्या दोरीचं नाव एका साहित्याच्या माणसाचं होतं. दोरी दोन महिन्यांत विरली.

जे विरलं नाही ते वेगळंच होतं. व्रणाच्या खाली तळहाताएवढा भाग बधिर. त्या बधिर भागाच्या काठावर मात्र कातडी अशी की ओढणीचं टोक सरकलं तरी अंगावर काटा यावा. दिवसातून पाच-सात वेळा, काहीही न करता, वीज चमकावी तसं काहीतरी काखेतून स्तनाग्राकडे जायचं. थंडीत सगळी जागा आवळून यायची. आणि दंड आतल्या बाजूने कोपरापर्यंत भरून यायचा. गुजरातीत याला 'खाली चढवी' म्हणतात. हाताला मुंग्या येतात तेव्हा मराठी माणसाच्या हातावर मुंग्या चालतात, गुजराती माणसाच्या हातात रिकामपण चढतं. मला दोन्ही होत होतं, आणि दोन्ही भाषा येत असल्याचा एवढाच फायदा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्या हाताच्या बाहेर गेला. मी खालच्या अर्ध्यात 'रामः रामौ रामाः' लिहायची आणि विभक्ती संपेपर्यंत जागा संपायची, मग पुसून पुढचं. आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "बेन, उपर केम नथी लखतां?" मी सांगितलं, मागच्या बाकावरच्यांना खालचं वाचायची सवय व्हावी म्हणून. मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यातलाच एक उंच मुलगा न सांगता तासाच्या आधी येऊन वरच्या भागात तारीख आणि पाठाचं नाव लिहून ठेवू लागला. त्याने कधी काही विचारलं नाही. मीही त्याला काही बोलले नाही.

तीन महिने झाल्यावर मी सर्जनकडे गेले. त्यांचं नाव सांगत नाही, कारण माणूस वाईट नव्हता आणि हात चांगला होता. त्यांनी व्रण बघितला, दाबून बघितला, समाधानाने मान हलवली. "रिपोर्ट तो एकदम सरस छे, बेन. हवे शेनी चिंता?" मी म्हटलं, दुखतं. ते म्हणाले, दुखणारच, कापलंय ना. विसरायचा प्रयत्न करा, कामात मन रमवा. एकूण चार मिनिटं. बाहेर पंचवीस जणी बसल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या जणींच्या डोक्याला रुमाल बांधलेले होते. त्या चार मिनिटांत माझ्यावर किती वेळ खर्च करायचा याचा त्यांनी केलेला हिशेब मला मान्य आहे. तरी पटलेला नाही. माझं दुखणं खोटं नव्हतं, फक्त रांगेत त्याचा नंबर लागत नव्हता.

त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी दाहोदकडची एक बाई होती. पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली, एक हात दुसऱ्याच्या दुप्पट सुजलेला. तिने विचारलं, "तमने शुं छे?" मी म्हटलं, सादी गांठ हती, काढी नाखी. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग "नसीबदार छो," म्हणाली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. रागाने नाही. बस स्टॉपवर आपली बस आली की शेजारचा माणूस जसा आपल्याकडे बघायचं थांबवतो, तसं. मला तिला सांगायचं होतं की दुखतं. ते मी गिळलं, आणि पुढचे पाच महिने गिळतच राहिले.

गिळायला दुसरंही कारण होतं. बोलायचं कुठल्या शब्दात? 'स्तन' हा शब्द आमच्या घरी कधी कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. आई 'छाती' म्हणते, तीही आवाज खाली आणून. आजी 'थान' म्हणायची, पण ते गाईच्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाच्या संदर्भात. 'ऊर' भरून येतो, त्याला गाठ होत नाही. मी ज्या भाषेची शिक्षिका आहे तिच्या काव्यात हा अवयव पानोपानी आहे आणि वर्गात शिकवताना तो श्लोक गाळून पुढे जायची आमच्या खात्यात परंपरा आहे. रजेच्या अर्जात मी 'स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया' लिहिलं होतं. क्लार्कने ते वाचून घाईघाईने सही घेतली. सुश्रुताला मात्र संकोच नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात स्तनरोग आहेत आणि अकराव्यात ग्रंथी आणि अर्बुद वेगवेगळे करून सांगितले आहेत.

सुश्रुताच्याच शास्त्राला शल्यतंत्र म्हणतात. शल्य म्हणजे शरीरात घुसून त्रास देणारी वस्तू: बाणाचं टोक, काटा, हाडाची कपची. ते काढण्याची विद्या ती शल्यविद्या, आणि त्यावरून आजची शल्यक्रिया. हे मी पंधरा वर्षं मुलांना शिकवत आले. याच शल्याचं प्राकृतात 'सल्ल' झालं आणि मराठीत 'सल', हेही मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि एका रात्री दोन वाजता कुशीवर वळताना ते लक्षात येणं वेगळं. शल्य काढलं होतं, सल राहिला होता. आणि मराठीत सल काढायची क्रिया नाही. मराठीत सल फक्त राहतो.

पाच महिन्यांनी मला एका वेदनाचिकित्सेच्या दवाखान्यात जायला मिळालं. वेदनेचे डॉक्टर मुळात बहुतेक भूलतज्ज्ञ असतात, हे तेव्हा कळलं. या तिशीतल्या बाई केरळच्या होत्या, गुजराती मोडकंतोडकं, हिंदी चांगलं. त्यांनी पहिल्यांदा नेहमीचाच प्रश्न विचारला: शून्य ते दहा, किती? मी गप्प. मी आयुष्यभर मुलांना गुण देत आले आहे, पण हा पेपर मला तपासता येईना. वीज चमकते तेव्हा आठ, एरवी तीन, पण तीन हे दिवसभर असतं आणि आठ दोन सेकंद. बेरीज करायची की सरासरी? त्या हसल्या. म्हणाल्या, ठीक आहे, आकडा सोडा, शब्द सांगा. आणि इंग्रजी शब्दांची एक यादी पुढे ठेवली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली ती. वेदनेची अठ्ठ्याहत्तर विशेषणं, वीस गटांत. मला बरेच शब्द कळले, लागला एकही नाही. "तुमच्या भाषेत सांगा," त्या म्हणाल्या, "मला कळलं नाही तर विचारीन."

मग मी सांगायला लागले आणि थांबेनाच. हा ठणका नाही, ठणका दाढेचा असतो, आतून हातोडा मारल्यासारखा. ठसठसही नाही, ते पू झालेल्या गळवाचं. कळ नाही, कळ लाटेसारखी येते आणि जीव घेऊन जाते. उसण पाठीत भरते, ती नव्हे. जे काखेतून जातं ती सणक. (त्यांनी विचारलं, मी गुजरातीत 'सणको' म्हटलं आणि नर्सने लगेच मान डोलावली.) दंडात भरून येतं ती रग, जशी पाण्याच्या बादल्या वाहून येते. थंडीत आवळतं ते ताठरणं. आणि काठावरच्या कातडीचं काय ते म्हणजे हुळहुळणं. हा शब्द समजावताना मला वेळ लागला. गरम चहाने जीभ पोळल्यावर दुसऱ्या दिवशी साधा भातही सहन होत नाही, तसं. जखम दिसत नाही, पण स्पर्शाची भीती वाटते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आमच्याकडे याला ॲलोडिनिया म्हणतात, ज्याने दुखायला नको त्याने दुखणं. आम्हाला ग्रीकमधून दोन तुकडे जोडून शब्द बनवावा लागला आणि तुमच्या आजीकडे तो तयार होता.

हे कौतुक मला औषधापेक्षा आधी लागू पडलं, हे कबूल करायला हवं. पण त्या नुसत्या कौतुक करून थांबल्या नाहीत. कापसाची वात करून त्यांनी कातडीवरून फिरवली, मग टाचणीचं टोक, आणि जिथे संवेदना बदलते तिथे बॉलपेनने ठिपके काढत गेल्या. ठिपके जोडले तर मधे एक बेट आणि भोवती किनारा. व्रणाच्या बाहेरच्या टोकाला बोटाने टकटक केलं तशी सणक थेट स्तनाग्रापर्यंत गेली. "इथे," त्या म्हणाल्या. बरगड्यांच्या मधून येणाऱ्या नसांच्या बारीक फांद्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूने कातडीत शिरतात. स्तनाग्राला मुख्यतः चौथ्या बरगडीखालच्या नसेतून संवेदना मिळते. आणि एक नस काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाते. काखेजवळची गाठ काढताना यांतल्या काही कापल्या जातात, काही ताणल्या जातात. सर्जनची चूक असेलच असं नाही. कापलेली नस पुन्हा वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, पण वाट चुकते, आणि चुकलेल्या टोकाला हवेची झुळूकही आगीसारखी लागते. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या अशा वेदनेला आता स्वतंत्र निदान मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तिला स्वतःचं नाव आणि क्रमांक आहे. गाठ कोणत्या जातीची होती हे त्या क्रमांकात विचारलेलं नाही.

ठिपक्यांचा तो नकाशा मी दोन दिवस धुतला नाही.

औषध म्हणजे रात्री दहा मिलिग्रॅमची एक छोटी गोळी, मूळची उदासीवरची, जी कमी मात्रेत नसांना शांत करते. सकाळी तोंडाला कोरड आणि पहिल्या तासाला जीभ जड; 'लट् लकार' म्हणताना मी दोनदा अडखळले. पंधरा दिवसांनी झोप लागू लागली. बाकी सगळा खटाटोप कापडाचा होता, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण हे कुणी सांगत नाही.

हुळहुळणाऱ्या कातडीला पुन्हा स्पर्श शिकवावा लागतो. मऊ कापडाने सुरुवात करायची, दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटं, सोसेल इतपतच. ते अंगवळणी पडलं की जरा खरखरीत. फिजिओथेरपीच्या बाईंनी कापूस आणि रेशीम सुचवलं होतं. मी आईकडे जाऊन ट्रंक उघडली. आजीच्या माहेश्वरी लुगड्याचा एक तुकडा गोधडीतून उरला होता, साठ वर्षं धुतलेला, इतका मऊ की बोटांना कापड असल्याचं कळू नये. पहिले तीन आठवडे तो. मग मुलीची मलमलची ओढणी. मग खादीचा रुमाल. मग नवऱ्याचा जुना टॉवेल, आणि चौथ्या महिन्यात नवाकोरा टर्किश टॉवेल, ज्याच्या पहिल्या स्पर्शाला मी स्वयंपाकघरात मोठ्याने ओरडले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. आई विचारायची, "आज कुठलं कापड चालू आहे गं?" तिने आंबेहळदीचा लेपही करून पाठवला होता. तो मी लावला नाही, डबीचा वास मात्र घेतला.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत. तार असलेली ब्रा कायमची सुटली. पुढून उघडणारी सुती, एक नंबर मोठी, शिवण बाहेरच्या बाजूला करून. मांडवीतल्या शिंप्याला ब्लाउजची उजवी बगल अर्धा इंच सैल ठेवायला सांगितलं, त्याने कारण विचारलं नाही, फक्त खडूने खूण केली. गाडीच्या पट्ट्याखाली ठेवायला मुलीने एक छोटी उशी शिवली. पर्स डाव्या खांद्यावर. झोपताना उजव्या हाताखाली लोड. व्रणावर खोबरेल तेलाने गोलगोल मालिश, मग सिलिकॉनची पट्टी. आणि भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं, जिथे ताण येईल तिथे थांबायचं. ती खूण मी पेन्सिलीने दाराच्या चौकटीवर करत गेले. त्याच चौकटीवर मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत, दुसरीपासूनच्या. ऑक्टोबरात माझी खूण तिच्या नववीच्या रेघेच्या वर गेली. "आई, तू मला मागे टाकलंस," ती म्हणाली.

नवऱ्याबद्दल थोडक्यात लिहिते, त्याला आवडणार नाही म्हणून. तो पहिले सहा महिने पलंगाच्या काठावर झोपला, झोपेत हात लागू नये म्हणून. मी ते मायेने घेतलं आणि एकीकडे मला त्याचा रागही आला. माझं शरीर काचेचं झाल्यासारखं त्याने जपलं, आणि काचेच्या वस्तूला कुणी सहज हात लावत नाही. एका रात्री मी बॉलपेन आणलं आणि त्याला नकाशा काढून दाखवला. इथे काहीच कळत नाही, इथे नको, आणि इथून इकडे पूर्वीसारखं आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, सगळंच नको." बस, एवढंच. हे संभाषण सहा महिने आधी का झालं नाही, याचं उत्तर दोघांच्याही घराण्यांत शोधावं लागेल.

बडोद्याच्या नवरात्रात गरब्याला न जाणं म्हणजे गणपतीत घरी दार लावून बसणं. पहिल्या वर्षी मी गेले ती कडेच्या खुर्चीत बसायला. तीन टाळ्यांच्या गरब्यात हजारो हात एकदम वर जातात, ते खुर्चीतून बघायला सुंदर असतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. ओळखीच्या बायका थांबून विचारायच्या, "बरी आहेस ना? साधीच होती ना?" आणि उत्तराच्या आधी गोलात परत जायच्या. जानेवारीत उत्तरायण आलं. पतंगाची दोरी खेचणं उजव्या हाताला जमणार नव्हतं, म्हणून मी गच्चीवर फिरकी धरून उभी राहिले. फिरकी धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण दोरा किती सोडायचा आणि कधी गुंडाळायचा हे त्याच्याच हातात असतं. थंड वाऱ्याने काख आवळून आली होती. उंधियू खाऊन, शाल गुंडाळून मी संध्याकाळपर्यंत गच्चीत थांबले. यंदाच्या नवरात्रात शेवटच्या दोन रात्री बाहेरच्या गोलात खेळले, डाव्या हाताने पूर्ण आणि उजव्याने खांद्यापर्यंत. टाळी वाजते तेवढ्यात.

मात्र दर सहा महिन्यांची सोनोग्राफी जवळ आली की हे सगळं शिक्षण पुसलं जातं. व्रणाखाली एक टणक जागा आहे. ती व्रणाचीच आहे, तीनदा तपासून झालं. तरी सणक आली की पहिला विचार तोच येतो: परत उगवली का? वेदना म्हणजे निरोप असतो, असं आपण लहानपणापासून धरून चालतो; इथे निरोप धाडणारा कधीच गेला आणि पोस्टमन अजून दार वाजवतोय. हे समजल्याने दाराचा आवाज कमी होत नाही. डॉक्टरबाईंनी एक उपाय सांगितला होता, तो चालतो: सणक आली की वेळ आणि ठिकाण वहीत लिहायचं. लिहिताना ती निघून जाते. वहीत आता दिवसाला सातच्या ऐवजी एखाददुसरी नोंद असते, कधी आठवडा कोरा. पावसाळ्यात वाढतात, जानेवारीत वाढतात, पेपर तपासण्याच्या दिवसांत हमखास वाढतात.

वाचायला मी एकच गोष्ट जवळ ठेवली होती. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्याचे प्रसिद्ध सर्जन लारे यांनी शस्त्रक्रिया केली, उजवा स्तन काढला, भूल देण्याची विद्या निघण्याच्या कितीतरी आधी. नंतर काही महिन्यांनी तिने बहिणीला त्याबद्दल लांबलचक पत्र लिहिलं. १८४० साली, ८७ वर्षांची होऊन ती गेली. मधली इतकी वर्षं ती जगली म्हणून आजचे काही डॉक्टर शंका घेतात की तिची गाठ कर्करोगाची नसेलच. म्हणजे कदाचित साधी. ही शंका वाचताना सगळ्यांचा सूर हळहळीचा असतो, की उगाच कापलं. माझं लक्ष मात्र त्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांकडे जातं, त्यांतल्या थंडीच्या सकाळींकडे, लिहिणाऱ्या उजव्या हाताकडे.

गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत गणिताच्या बेन माझ्या बाजूला येऊन बसल्या. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. डबा उघडला नाही. म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे, डाव्या बाजूला, सुईचा रिपोर्ट आला, सादी छे. मग आजूबाजूला बघून विचारलं, दुखतं का हो? मी 'नाही' म्हणणार होते, सवयीने. त्याऐवजी मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: पुढून बटणांचा गाऊन न्या. गाडीत पट्ट्याखाली उशी. कोणत्या बाजूने कापणार आणि काखेजवळ जाणार का, हे आधी विचारा. पाणी साठलं तर घाबरू नका. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर या डॉक्टरांकडे जा, आणि खाली नंबर. तिने पान वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

"अने तमने?" तिने विचारलं. "केटला वखत थया?"

मी सांगितलं, एकोणीस महिने. तिने डबा उघडला आणि अर्धा ठेपला माझ्यापुढे केला.